एंजिन-दोषनिदान, मोटारगाडीचे

मोटारगाडीचे एंजिन एकसारख्या लयीत न चालता थरथरते, मधूनच ठोका चुकवते किंवा चढावर त्याची ओढ कमी पडते, तेव्हा त्या बिघाडाचे मूळ शोधून काढण्याच्या क्रियेला एंजिन-दोषनिदान म्हणतात. कारागिरांच्या बोलीत अशी गाडी ‘मिसिंग करते’. निदान व दुरुस्ती या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि पहिली पुरी झाल्याखेरीज दुसरीस हात घालू नये, हा या विषयातील मुख्य नियम होय. तो न पाळल्यामुळे चांगले सुटे भाग काढून टाकले जातात, मालकाचा खर्च वाढतो आणि मूळ दोष तसाच राहतो. प्रस्तुत नोंदीत पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनाचा आणि साध्या हत्यारांनी करता येणाऱ्या तपासणीचा विचार केला आहे.

तत्त्व : निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या चार धावांच्या चक्रावरच आजचे मोटारगाडीचे पेट्रोल एंजिन चालते [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. प्रत्येक सिलिंडरात दट्ट्याच्या चार धावांत म्हणजे भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होते. ते नीट होण्यास तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, त्या मिश्रणाचे पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी पडणारी सशक्त ठिणगी. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी त्या सिलिंडराची कार्यधाव वाया जाते.

मंदगतीने दर मिनिटास ८०० फेरे करणाऱ्या चार सिलिंडरी एंजिनात मिनिटास १,६०० म्हणजे सेकंदास सु. २७ ज्वलने होतात. इतक्या जलद धक्क्यांचा कानाला एकसंध गुंजारव वाटतो. एक सिलिंडर निकामी झाला की सेकंदास सु. सात वेळा धक्क्यांत खंड पडतो आणि ही संथ थरथर सुकाणूचक्रावर ठेवलेल्या हातालाही जाणवते. तीन सिलिंडरांच्या एंजिनात (उदा., १९८३ साली बाजारात आलेल्या मारुती ८०० मधील ७९६ घ. सेंमी. च्या एंजिनात) एक सिलिंडर बंद पडला, तर तिसरा हिस्सा शक्ती जाते व थरथर कितीतरी अधिक असते. प्रत्यक्षातील घट याहूनही थोडी जास्त भरते, कारण निकामी सिलिंडरातील दट्ट्या ओढण्याचे ओझे उरलेल्यांवर पडते.

हातखंब्याचे उदाहरण : निदानाचे महत्त्व सपाटीवर फारसे कळत नाही, ते घाटाच्या पायथ्याशी कळते. रत्नागिरी जिल्ह्यातील हातखंबा येथे मुंबई–गोवा महामार्गाला (पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६) रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता मिळतो. या तिठ्यावरून उत्तरेस संगमेश्वर व चिपळूणकडे जाता येते. दक्षिणेस पालीपर्यंत जाऊन तेथून नाणीज व साखरपामार्गे आंबा घाट चढून कोल्हापूर गाठता येते. गणेशोत्सवासाठी मुंबईहून निघालेली गाडी येथे पोहोचेपर्यंत सु. ३३० किमी. चाललेली असते. पुष्कळदा ती वर्षातील बराच काळ शहरात थोडीथोडीच वापरलेली असते आणि या खेपेस माणसे व सामान यांनी पुरती भरलेली असते. शिवाय हा प्रवास पावसाळ्यात होतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो. ओलावा, भार आणि चढ या तिन्ही गोष्टी एंजिनातील दुबळे अंग उघडे पाडतात. अशी गाडी तिठ्यावर थरथरू लागली म्हणजे ती तशीच घाटाकडे न्यावी की रत्नागिरीकडे वळवावी, हा प्रश्न उभा राहतो. अरुंद वळणावर मागे मालमोटारींची रांग असताना एंजिनाची ओढ जाणे ही केवळ गैरसोय नव्हे. पुढे वर्णन केलेल्या चाचण्यांपैकी बहुतेक या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या तासात देऊ शकतात.

लक्षणांचे वाचन : झाकण उघडण्यापूर्वी, ठोका केव्हा चुकतो हे चालकाकडून नीट समजून घ्यावे. बहुतेक दोष निम्मे येथेच उलगडतात. एंजिन मंदगतीलाच थरथरते व वेग वाढताच सुधारते, अशा वेळी सेवन-नळाच्या सांध्यातून हवा आत शिरणे, मंदगतीची तोटी तुंबणे किंवा एखादी झडप नीट न बसणे यांचा संशय घ्यावा. मंदगतीला एंजिनात जाणारी हवा मुळातच थोडी असल्याने चोरवाटेने शिरलेल्या हवेचे प्रमाण तेव्हा मोठे ठरते. याउलट सपाटीवर गाडी सुरळीत चालते आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबताच अडखळते, असे असेल तर दोष बहुधा ठिणगीच्या बाजूस असतो. भाराखाली सिलिंडरातील दाब वाढतो व तितक्या दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी उडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो. दुबळे वेटोळे, चिरलेली तार किंवा झिजून अंतर वाढलेली गुडदी तो पुरवू शकत नाही. रत्नागिरीपासून तिठ्यापर्यंत बिनतक्रार आलेली गाडी घाटात मात्र अडखळते, याचे नेहमीचे कारण हेच होय. केवळ मोठ्या वेगाला एंजिन गुदमरत असेल, तर इंधनाचा पुरवठा तपासावा.

ठोका ठरावीक लयीत चुकतो की अनियमितपणे, हेही ऐकावे. ठरावीक लय एका सिलिंडराकडे बोट दाखविते. अनियमितपणा सर्व सिलिंडरांना समाईक असलेल्या भागांकडे, म्हणजे वेटोळे, संपर्क-बिंदू, कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलात मिसळलेले पाणी यांच्याकडे नेतो. धूर-नळीच्या तोंडाशी बोटभर अंतरावर कागदाचा कपटा धरण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. निकोप एंजिनात कपटा एकसारखा बाहेर ढकलला जातो. ज्वलन चुकत असेल तर त्यात खंड पडतो आणि तो मधूनमधून आत ओढला जात असेल, तर निष्कास-झडप गळत असण्याचा बराच संभव असतो.

दोषी सिलिंडर ओळखणे : कोणता सिलिंडर दोषी आहे हे आधी ठरवावे व तो का दोषी आहे हे नंतर पाहावे. सर्वांत साधी चाचणी पाण्याच्या थेंबाची आहे. थंड एंजिन सुरू करून मिनिट-दीड मिनिटाने निष्कास-नळाच्या प्रत्येक शाखेवर पाण्याचा एकेक थेंब सोडावा. चालू सिलिंडरांच्या शाखांवर तो चुरचुरून उडतो. निकामी सिलिंडराच्या शाखेवर तसाच ओघळतो. या चाचणीला पैसा लागत नाही, परंतु एंजिन आधी पुरेसे थंड असावे लागते.

तापलेल्या एंजिनासाठी तोल-चाचणी योजतात. एंजिन मंदगतीस चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीने एकेका गुडदीची तार क्षणभर अलग करतात. चांगल्या सिलिंडराची तार काढताच एंजिनाचा वेग स्पष्ट उतरतो. दोषी सिलिंडराची काढल्यास काहीच फरक पडत नाही. ही चाचणी वितरक व संपर्क-बिंदू असलेल्या जुन्या गाड्यांवरच करावी. इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन असलेल्या गाड्यांत उघड्या राहिलेल्या तारेमुळे प्रज्वलन-यंत्रणा जळू शकते आणि तेथील २०,००० ते ४०,००० व्होल्टचा धक्का माणसालाही घातक ठरू शकतो. अशा गाड्यांत तारेऐवजी त्या त्या सिलिंडराच्या इंधन-अंतःक्षेपकाची जोडणी काढून तीच परीक्षा घेता येते. त्यात न जळलेले पेट्रोलही बाहेर जात नाही.

दोषी सिलिंडर सापडला की अदलाबदलीची रीत वापरावी. समजा दुसरा सिलिंडर दोषी आहे. त्याची गुडदी तिसऱ्यात व तिसऱ्याची दुसऱ्यात बसवावी. दोष तिसऱ्याकडे सरकला, तर गुडदी वाईट. तो दुसऱ्यातच राहिला, तर गुडदी निर्दोष ठरली. मग तारेची अदलाबदल करावी. प्रत्येक गुडदीवर स्वतंत्र वेटोळे असलेल्या नव्या गाड्यांत वेटोळ्यांची अदलाबदल अशाच प्रकारे करतात. एका वेळी एकच वस्तू बदलावी. घाईत दोन वस्तू एकदम बदलणारा कारागीर गाडी सुधारली तरी काही शिकत नाही आणि न सुधारली तर अधिक गोंधळतो.

ठिणगीची बाजू : गुडदी काढल्यावर तिचे टोक हे सिलिंडराच्या आतील परिस्थितीचे सर्वांत विश्वसनीय चिन्ह असते. फिकट तपकिरी किंवा करडे टोक निकोप ज्वलन दाखविते. कोरडी, मखमलीसारखी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे दट्ट्याच्या कड्या किंवा झडपांच्या मार्गदर्शिका झिजून वंगण वर येत आहे. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक पेट्रोल कमी पडणे, ठिणगी फार लवकर पडणे किंवा गुडदी अयोग्य उष्णता-श्रेणीची असणे यांपैकी एक सुचविते. पेट्रोलाने नुसती भिजलेली गुडदी म्हणजे इंधन पोहोचले पण ठिणगी नाही. म्हणून काढलेल्या गुडद्या पुसून टाकण्याची घाई करू नये. त्या सिलिंडरांच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवाव्यात.

चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, वेटोळे व संपर्क-बिंदू यांवर आधारलेली प्रज्वलन पद्धती १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आली आणि पुढे अनेक दशके जगभर प्रचारात राहिली. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांतही तीच होती. पद्मिनीच्या १,०८९ घ. सेंमी. च्या चार सिलिंडरी एंजिनावर महाराष्ट्रातील कारागिरांच्या दोन पिढ्यांचे हात तयार झाले. तिचे उत्पादन बंद पडल्यावरही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती. या जातीच्या एंजिनांत संपर्क-बिंदूंमधील अंतर फीलर पट्टीने साधारणपणे ०.४ ते ०.५ मिमी. ठेवतात. अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते, म्हणून आधी अंतर व मग वेळ असा क्रम असतो. बिंदू वारंवार जळून खड्डे पडत असतील, तर त्यांना जोडलेले धारित्र (बोलीतील कंडेन्सर) तपासावे. कारागीर बिंदू घासून देतात, गाडी चालते आणि महिन्याभरात परत येते, ती याच दुर्लक्षामुळे.

कोकणात ओलाव्याचा प्रश्न वेगळा लक्षात घ्यावा लागतो. वितरकाच्या टोपीत आतून दव साचले किंवा तारांवर पाणी व धूळ यांचा थर बसला, तर उच्च दाबाची वीज गुडदीकडे जाण्याऐवजी पृष्ठभागावरून धातूकडे पळते. एकदा ती अशी पळाली की टोपीवर केसासारखी बारीक काळी रेघ उमटते. ही कार्बनाची रेघ वीजवाहक असल्याने टोपी नंतर कोरडी केली तरी दोष परत येतो आणि टोपी बदलावीच लागते. गळती शोधण्याची खात्रीची रीत म्हणजे रात्री किंवा अंधाऱ्या आडोशाला एंजिन चालू ठेवून तारांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारणे. जेथे निळसर प्रकाश नाचताना दिसेल तेथे गळती आहे. या वेळी तारांना हात लावू नये. डबक्यातून गाडी काढल्यावर लगेच सुरू झालेली थरथर पुष्कळदा टोपी उघडून कोरड्या सुती फडक्याने पुसल्याने थांबते. पावसाळ्यात गाडीत असे फडके असणे एखाद्या महागड्या उपकरणाइतकेच मोलाचे आहे.

इंधन व हवा : कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत मंदगतीची तोटी लहानशा कणानेही तुंबते. ती तोंडाने फुंकून किंवा हवेच्या दाबाने साफ करावी. तारेने टोकरल्यास तिचे भोक मोठे होते व दोष कायमचा होतो. सेवन-नळाच्या सांध्यातील गळती शोधण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांभोवती फिरवावे. हवा आत शिरते तेथे बारीक शीळ ऐकू येते. संशयाच्या जागी हलक्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि एंजिनाची चाल क्षणभर सुधारली, तर गळती सिद्ध झाली. काही कारागीर याच कामी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या एंजिनावर ते कदापि करू नये.

पेट्रोलात शिरलेले पाणी हे पावसाळ्यातील अनियमित ठोक्याचे आणखी एक कारण आहे. भारतात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाची विक्री सुरू झाली. इथेनॉल काही मर्यादेपर्यंत पाणी सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंपाचे शोषण तळाजवळूनच होत असल्याने असे मिश्रण प्रथम एंजिनात जाते. टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवल्यास थर डोळ्यांना दिसतात.

संपीडन : ठिणगी व इंधन निर्दोष ठरल्यावरही सिलिंडर काम करीत नसेल, तर संपीडनमापक लावावा. एंजिन तापलेले, सर्व गुडद्या काढलेल्या, प्रज्वलन व इंधनपुरवठा बंद आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरासाठी स्टार्टरने सारखेच सहा ते आठ फेरे द्यावेत. बहुतेक एंजिनांत वाचन ९ ते १२ किग्रॅ./चौ. सेंमी. च्या आसपास येते. परंतु प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सिलिंडरांतील परस्पर फरक महत्त्वाचा असतो. तो सु. १५ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास दोष आहे असे समजावे. कमी वाचनाच्या सिलिंडरात चमचाभर वंगण-तेल सोडून पुन्हा मोजावे. वाचन वाढले तर कड्या किंवा सिलिंडराची भिंत झिजली आहे, कारण तेलाने तेथील फट तात्पुरती बुजते. वाढले नाही तर झडप जळलेली किंवा अडकलेली असते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच दुबळे आढळले, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी.

निर्वातमापक हे उपकरण आपल्याकडे उगाच उपेक्षित राहिले आहे. ते सेवन-नळाला जोडून एंजिन मंदगतीस चालविले असता, समुद्रसपाटीवर निकोप एंजिनाचा काटा पाऱ्याच्या ४३० ते ५३० मिमी. दरम्यान स्थिर राहतो. ठरावीक अंतराने काटा झटका देत असेल तर एखादी झडप दोषी; तो स्थिर पण खालच्या वाचनावर असेल तर ठिणगी उशिरा पडते किंवा कोठेतरी हवा शिरते. उंचीबरोबर वाचन दर ३०० मी. ना सु. २५ मिमी. ने उतरते, हे मात्र विसरू नये. समुद्रकाठच्या रत्नागिरीत निकोप ठरलेले एंजिन सु. ५५० मी. उंचीवरील कोल्हापुरात ४५ मिमी. च्या आसपास कमी दाखवील; तो एंजिनाचा दोष नव्हे.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या गाड्या : सु. २००० नंतर भारतातील मोटारगाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांत ज्वलन चुकल्याची नोंद ठेवणारी निदान-यंत्रणा आली. तिच्या जोडणीस लहानसे वाचक-यंत्र लावल्यास दोषांक मिळतो. ‘पी ०३००’ म्हणजे अनेक सिलिंडरांत अनियमित चूक, ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्यात, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्यात. यंत्र कोणता सिलिंडर ते सांगते, का ते सांगत नाही. अनेक ठिकाणी दोषांक वाचताच त्या सिलिंडराचे वेटोळे बदलून टाकतात. येथेही अदलाबदलीची चाचणी तितकीच आवश्यक असते.

या गाड्यांतील एक धोका जुन्यांत नव्हता. न जळलेले पेट्रोल व हवा धूर-नळीतील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन तेथे जळतात, त्यामुळे परिवर्तकाचे तापमान एकदम चढते आणि त्यातील मधमाशांच्या पोळ्यासारखा गाभा वितळू शकतो. फलकावरील एंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल, तर गाडी सावकाश दुरुस्तीस नेता येते. तो लुकलुकत असेल तर परिवर्तकास इजा होत आहे असा अर्थ घ्यावा, वेग व भार लगेच कमी करावा आणि सोयीच्या जागी थांबावे. तापलेल्या परिवर्तकाखाली वाळलेले गवत येईल अशा जागी गाडी उभी करू नये.

रस्त्यावरील निर्णय : तिठ्यावर थांबलेल्या गाडीपुरते पाहिल्यास दोषांची वर्गवारी सोपी आहे. ओली टोपी, सैल तार, काजळलेली गुडदी हे दोष तेथेच दूर होतात. त्यानंतर थोड्या चढावर भाराखाली चाल पाहून पुढे जाता येते. संपीडन गेलेला सिलिंडर रस्त्यावर सुधारत नाही. अशा गाडीने घाट चढू नये, रत्नागिरीकडे वळावे. थरथरीसोबत धातूचा ठोका ऐकू येत असेल, तर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक फिरत्या पट्ट्यापासून दूर राहून एंजिनाच्या अंगाला व मूठ कानामागील हाडाला टेकवून जागा शोधावी. वरच्या भागातील हलकी टकटक झडपांच्या अंतराची असते व ती थोडी वाट पाहू शकते. तळाकडून येणारा जड ठोका एखाद्या सिलिंडराची ठिणगी तोडताच मंदावला, तर त्या संयोग-दांड्याचा धारवा झिजला आहे. अशा वेळी एंजिन ताबडतोब बंद करून गाडी ओढून न्यावी. धारवा आणखी काही किमी. टिकला तरी दांडा तुटून सिलिंडर-ठोकळा फोडण्याची भीती असते.

सर्व चाचण्या निर्दोष ठरूनही थरथर राहिली, तर एंजिन सांगाड्याला ज्या रबरी आधारांवर बसविलेले असते ते पाहावेत. रबर फाटले किंवा तेलाने फुगले की निकोप एंजिनाचे स्वाभाविक कंपनही सांगाड्यात उतरते. गिअर घालून क्लच अर्धवट सोडताना एंजिन जागेवरून उचलले जाते का, हे दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून पाहिले की आधाराची अवस्था कळते. मात्र हातब्रेक ओढलेला असावा, चाकांना उटी लावलेली असावी आणि गाडीच्या पुढे कोणीही उभे राहू नये.